अकरावा पर्याय

“नणंदेचा फॉर्म तिचा तिला भरू दे. चुकली तर चुकली, पण चूक तिची असू दे,” वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात म्हणाल्या होत्या. वहिनीने हसून मान डोलावली आणि दार लावता लावता विसरूनही गेली. काकूंचं काय जातंय बोलायला! इमारत उभी राहण्याआधी जमिनीत खोल भोक पाडून खालची माती नि खडक तपासायचा, हे त्यांचं काम. आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरच्या माणसांच्या काळजीने जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यांना काय ठाऊक?

वहिनीचा जीव तर कायमच टांगणीला. गॅसचं बटण दोनदा बघायची, दाराची कडी तीनदा. दोन वर्षांची चिमी झोपली, की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. सासूबाई गेल्यापासून धाकट्या नणंदेची जबाबदारीही तिच्याचवर होती. आणि या नणंदेने बारावीनंतर काय मनात घेतलं होतं? भूगर्भशास्त्र!

“दगड फोडायला डिग्री कशाला लागते गं, दगडोबा?” भावाने जेवताना विचारलं. “घण आणून देतो, उद्यापासून लाग कामाला!”

नणंद हसली. वहिनीच्या डोळ्यांपुढे मात्र कडे, दऱ्या, तंबू आणि तंबूत एकटी पोर.

फॉर्म-बिर्मचं घरात तिलाच कळायचं, म्हणून प्रवेशाचा अर्ज तिच्याच फोनवर होता. नणंदेने पर्याय क्रमाने लिहून दिले होते. वहिनीने ते तसेच भरले, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी पहिला पर्याय उचलून अकराव्या जागी ठेवला. वर आणलं कॉम्प्युटर. पंख्याखालची खुर्ची, संध्याकाळी सहाला घरी. जिवाला शांतता!

नणंदेने छापील प्रत पाहिली. तिचं बोट पहिल्या ओळीवर अडलं, मग सावकाश खाली घसरत गेलं.

“चालेल,” ती म्हणाली.

किती समजूतदार पोर, वहिनीला वाटलं. त्यानंतर भाजी कुठली करू? चालेल. नवी चप्पल घ्यायची? चालेल. आठवडाभर घरात दुसरा शब्द नाही. वहिनी उगाचच कपाटं आवरत राहिली, आवरलेली पुन्हा आवरत राहिली.

अर्जात बदल करायचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. साडेतीनच्या सुमारास चिमीने पलंगाखालून एक वही ओढून काढली आणि पान फाडायला घेतलं. वहिनीने वही हिसकावली. उघडली.

पहिलं वर्ष: सोबत रसायनशास्त्र आणि गणित घ्यायचं. दुसरं वर्ष: डोंगरात नकाशे काढायचं शिबिर, दहा दिवस. तिसरं वर्ष: विहिरींच्या पाण्यावर प्रकल्प. आणि पुढच्या पानावर ठळक अक्षरांत, ‘वहिनी विचारेल ते प्रश्न.’

शिबिरात मुली कुठे झोपतात? सोबत बाई असतात का? पाय मोडला तर दवाखाना किती लांब? पुढे नोकरी कुठे? प्रत्येकाखाली नीट उत्तर, तिथे शिकणाऱ्या दोन मोठ्या मुलींचे फोन नंबरसुद्धा. फक्त शेवटच्या प्रश्नाखालची जागा कोरी होती. ‘चिमी मला शोधत रडली तर?’

सतरा प्रश्न! आणि वहिनीने त्यातला एकही विचारला नव्हता!

नणंद घरात नव्हती. तिने लहानपणापासून जमवलेल्या दगडांचं खोकंही नव्हतं. चिमीला काखोटीला मारून वहिनी धावली, तर जिन्यात काकू.

“काकू, हिला पाहिलंत?”

“खोकं घेऊन खाली गेली. का गं, चेहरा का असा?”

वहिनीने एका दमात सगळं सांगितलं. “मला भीती वाटते हो काकू! डोंगर, कडे...”

“पंचवीस वर्षं डोंगर चढले. पाय मोडला तो घरच्या बाथरूममध्ये!” काकू म्हणाल्या. “भीती वाटू दे, त्यात काही वाईट नाही. पण भीती तुझी आणि किंमत तिने मोजायची, हा कुठला न्याय? आता इथे उभी राहू नकोस, जा!”

कोपऱ्यावर नवं बांधकाम चाललं होतं. रस्त्याकडेला खडीचा ढीग होता. नणंद तिथे उकिडवी बसून खोक्यातला एकेक दगड काढत होती, त्यावरची नंबराची चिठ्ठी नखाने खरवडत होती आणि दगड खडीत टाकत होती.

“अगं, काय करतेस!”

“पसारा नको घरात. चिमी तोंडात घालते.”

“तुझा पर्याय मी खाली ढकलला.”

“माहितेय.”

“मग भांडली का नाहीस?”

“तुझ्याशी? तू दोन दिवस जेवली नसतीस, वहिनी.”

 वहिनी घरच्या गाऊनमध्येच खडीवर बसली आणि वही उघडली. “प्रश्न पहिला. मुली कुठे झोपतात?”

“लिहिलंय की त्यात.”

“तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

नणंद बोलू लागली. आधी तुटक, मग हातवारे करत, मग थांबेचना! “तिथे फोनला रेंज नसते,” हे ऐकून वहिनीने वही मिटली, पुन्हा उघडली. तरी ती उठून गेली नाही. सतरावा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, “चिमी रडेल. मीही रडेन. तू जा.” आणि फोन पुढे केला. “चार वीस झालेत. तुझा तू भर.”

अकरावा पर्याय पहिला झाला. त्याच क्षणी चिमीने एक खडा तोंडात टाकला आणि दोघी किंचाळत तिच्यावर झेपावल्या.

वाचकहो, वहिनीची काळजी मिटली का? छे! शिबिराच्या दहा रात्री ती आतापासूनच मोजते आहे. पण आपण मुलींना अडवतो ते दर वेळी रागाने थोडंच? बहुतेकदा मायेनेच अडवतो, म्हणून तर तो अन्याय कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. काळजी वाटली तर प्रश्न विचारा, हवे तेवढे विचारा. निर्णय मात्र तिच्या हाती राहू द्या!

तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या जागी हल्ली सगळ्यालाच ‘चालेल’ म्हणणारी कुणी असेल. हे पान मिटा आणि तिच्याजवळ जाऊन बसा. तिला काय करायचं होतं, ते विचारा. आजच विचारा.