मागून म्हणा

माझा कान तिखट आहे, हे मला इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी माझा त्यावर विश्वास बसला. घोटाळा तिथेच झाला.

सिंगापूरच्या एका विद्यापीठात मी बर्मी भाषेतल्या व्यंजनांवर काम करत होते. "म्हणजे नक्की काय करता?" असं कुणी विचारलं की मी नाकाला बोट लावायची. बर्मीत 'ना' म्हणजे दुखणं. त्याच 'ना'च्या आधी नाकातून नुसती हवा सोडली, गळ्यातून आवाज न काढता, की त्याचा अर्थ होतो नाक. 'ल'चंही तेच. एखादी गोष्ट आपोआप सुटली तर साधा 'ल', आणि कुणी सोडली तर आधी श्वास, मग 'ल'. एवढ्याशा हवेवर अर्थ फिरतो, आणि ती हवा मोजणं हे माझं पोट भरण्याचं साधन होतं. संगणकाच्या पडद्यावर ती दिसते: आधी एक धूसर पट्टी, मग आवाजाच्या ठसठशीत उभ्या रेघा.

माझ्या इंग्रजी आणि चिनी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना हा उच्चार करताना घाम फुटायचा. मला वाटायचं, यात काय कठीण आहे? न्हाणं, म्हैस, कोल्हा म्हणत मोठी झालेली मी! 'न्ह' आणि 'ल्ह' तर माझ्या घरचेच. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर तेओ पाहुण्यांसमोर मला ते शब्द म्हणून दाखवायला लावत, आणि मीही लाडावलेल्या पोपटासारखी म्हणून दाखवायची.

मला बोलणारी माणसं मिळवून दिली ती आन्टींनी. सिंगापूरच्या यिशुन भागात माझ्या फ्लॅटच्या बरोबर खालच्या मजल्यावर त्या राहायच्या. नाव ह्निन यी, वय अडुसष्ट, मुलगी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिकडे मंडालेजवळच्या गावात त्यांनी आयुष्यभर शेवयांच्या रश्श्याची गाडी चालवली होती. शिक्षण भिक्खूंच्या शाळेत चौथीपर्यंत. त्यामुळे शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना केवढा आदर! मी विद्यापीठात आहे हे कळल्या दिवसापासून त्या मला 'सयामा' म्हणायला लागल्या. सयामा म्हणजे बाई, मास्तरीणबाई. मी शिकवत नाही, फक्त मोजते, हे त्यांना सांगून काही उपयोग झाला नाही.

पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत आन्टी मायक्रोफोनसमोर बसल्या आणि त्यांची वाचाच बसली. कार्डावर शब्द लिहिलेला, तोंडातून अक्षर फुटेना. मला एकदम आमच्या पुलगावच्या विहारातला रविवार आठवला. माझे बाबा, दादाराव, पुढे बसून त्रिशरण म्हणायचे. नवीन कुणी लाजत असलं की म्हणायचे, "घाबरू नका. मी म्हणतो, तुम्ही मागून म्हणा." मीही तसंच केलं. मी शब्द म्हटला, आन्टींनी मागून म्हटला. त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या गावच्या विहारातही शीलं अशीच मागून म्हणत. "सयामा से फर्स्ट, आय फॉलो," त्या म्हणाल्या. "लाइक धिस व्हेरी ईझी लाह."

असं करू नये, हे मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की बोलणाऱ्याच्या कानावर आपला उच्चार पडू द्यायचा नाही. पण मला वाटलं, माझा उच्चार चोख आहे, मग काय बिघडतं? आन्टींच्या मागोमाग त्यांच्या पाच मैत्रिणी आल्या. प्रत्येकीला आन्टी दारातच बजावायच्या की सयामा म्हणतील तसंच म्हणायचं. मग मी मुद्रणातून माझा आवाज कापून टाकायची आणि उरलेलं मोजायची.

मोजलं, आणि मी खुर्चीत ताठ बसले. सहाही बायकांच्या बोलण्यात ती धूसर पट्टी नव्हती! गळ्यातला आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू, हवा त्यातच मिसळलेली. म्हणजे इथे येऊन राहिलेल्या बर्मी लोकांच्या तोंडातून एक जुना उच्चार नाहीसा होतो आहे, आणि तो जाताना मी पकडला! मी निबंध लिहिला, एका मोठ्या परिषदेने तो स्वीकारला. माझा करार ऑगस्टअखेर संपत होता, आणि करार संपला की इथे राहण्याचा एम्प्लॉयमेंट पासही. प्रोफेसर तेओ म्हणाले, "हा निबंध असला की तुझा करार वाढवायला समितीला नाही म्हणता येणार नाही." मी सोफ्याची नवीन खोळसुद्धा घेऊन आले.

जूनमध्ये बाबा महिनाभरासाठी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. मला त्यांनीच वाचायला शिकवलं, आणि त्यांच्या वर्गात शाबासकी हा प्रकार नव्हता. चुकलं की "पुन्हा". बरोबर आलं की काहीच नाही, पुढचा शब्द. तेवढ्यावर आम्ही पोरं दिवसभर फुगून फिरायचो.

दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेतल्या बाकावर बाबांची आणि आन्टींची गट्टी जमली. बाबांना इंग्रजी जेमतेम, आन्टींना मराठी-हिंदी शून्य. मग दोघं पाली बोलायची. म्हणजे गाथा म्हणायची! आन्टींच्या तोंडी 'सरणं'चं 'थरणं' व्हायचं आणि 'गच्छामि'चं 'गिस्सामि'. बाबा घरी येऊन खूश होऊन सांगायचे, "बुद्ध तोच, पोरी, फक्त जीभ वेगळी."

एका रविवारी मी परिषदेच्या भाषणाची तालीम करत होते. बाबा मटकी निवडत बसले होते. मी आन्टींचे शब्द लावले, एकामागून एक. बाबांचा हात थांबला.

"हे कोण बोलतंय?"

"आन्टी. ओळखला नाहीत आवाज?"

"आवाज त्यांचाच आहे. पण त्या अशा बोलत नाहीत."

मला हसू आलं. "बाबा, तुम्हाला बर्मी कधीपासून यायला लागलं?"

"मला नाही येत. पण रोज सकाळी त्या बहिणीला फोन करतात ना, मी शेजारीच असतो. मधूनमधून नाकातून फुंकर मारल्यासारखं बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सर्दी झालीय. या तुझ्या टेपात ती फुंकर कुठाय?"

"ती गेलीय, हाच तर माझा शोध आहे," मी जरा चिडूनच म्हणाले.

बाबांनी मटकीचं ताट बाजूला ठेवलं. "तू त्यांना म्हणायला कसं लावलंस?"

मी सांगितलं. तुमच्यासारखंच, मी आधी, त्या मागून.

ते म्हणाले, "अडतीस वर्षं पोरं माझ्या मागून म्हणत होती. मी खाकरलो तर तीही खाकरायची. विहारात हे चालतं, पोरी. तिथे सगळ्यांनी एकासारखं म्हणायचं असतं. तुझं काम तसं आहे का?"

मला त्यांचा राग आला होता, आणि ते बरोबर असतील याची भीती त्याहून जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी न कापलेल्या मूळ फाइली उघडल्या. त्यात माझा आवाज होता. दोन वर्षं मी लोकांचे आवाज मोजत होते. स्वतःचा एकदाही मोजला नव्हता. माझं 'न्हा' पडद्यावर आलं. धूसर पट्टी नाही. गळा पहिल्यापासून चालू, हवा मागून मिसळलेली. अस्सल मराठी, 'जा, न्हाऊन घे' मधलं. त्याच्या खाली आन्टींचं, माझ्या मागून म्हटलेलं. दोन जुळ्या बहिणी. मग बाकीच्या पाचजणी पाहिल्या. सगळ्या माझ्याच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जगापुढे मी शोध म्हणून जे मांडणार होते, ते माझ्याच आवाजाचे सहा प्रतिध्वनी होते.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. माझा आवाज तर मी कापलेलाच होता. मूळ फाइली मी सोडून कुणी उघडणार नव्हतं. नोकरी राहील, पास राहील, घर राहील, आणि बर्मी भाषेचं काय बिघडणार होतं? दोन दिवस मी हाच विचार घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आन्टी भेटल्या. "सयामा, परिषद कधी?" त्यांनी विचारलं. मुलीला रजा घ्यायला सांगून त्या भाषण ऐकायला येणार होत्या. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. त्या बाईचं बोलणं तिच्या तोंडातून काढून घेऊन मी तिथे माझं बसवलं होतं, आणि तेच तिचं म्हणून जगाला सांगणार होते. त्यांच्या बोलण्याबद्दल पुढे कुणी वाचलं असतं, तर हे खोटंच वाचलं असतं.

मी प्रोफेसर तेओंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "निबंध मागे घे. पुन्हा मुद्रण करता येईल, पण समिती दोन आठवड्यांत बसते. त्यांना दाखवायला माझ्याकडे काही उरत नाही. तू समजू शकतेस." मी समजू शकत होते.

तरी मी आन्टींना पुन्हा बोलावलं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. केलेली घाण आपणच काढावी, एवढंच वाटलं असेल. बाबाही बरोबर आले. या वेळी कार्डांवर शब्द नव्हते, चित्रं होती. मी नाकाचं चित्र धरलं आणि ओठ घट्ट मिटले.

आन्टी चित्राकडे बघेनात, माझ्याकडे बघत राहिल्या. "सयामा से फर्स्ट."

"आज मी म्हणणार नाही, आन्टी. मी चुकीचं म्हणत होते. तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी मान खाली घातली. हळूच म्हणाल्या, "माहीत होतं. पण सयामाला चूक कशी म्हणणार? पाप लागतं." आणि मग काय वाटलं कोण जाणे, चित्राकडे बोट दाखवून पुन्हा माझंच 'न्हा' म्हणाल्या. मला रडूच आलं.

तेव्हा बाबा उठले. आन्टींच्या समोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले, हात जोडले, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "यू टीचर. मी स्टुडंट."

आन्टी गडबडल्या. पांढऱ्या केसांचा माणूस पायाशी बसलेला. त्या हसल्या, माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोलले नाही. शेवटी नाकाचं चित्र त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि बाबांसाठी तो शब्द म्हटला. मुद्रणयंत्राची सुई आधी थरथरली, मग उठली. पडद्यावर हवेची धूसर पट्टी उमटली.

बाबांनी मागून म्हटलं. अर्थात 'न्हा'.

"महोबू," आन्टी म्हणाल्या. म्हणजे, तसं नाही. त्यांनी स्वतःच्या नाकाखाली बोट धरून हवा दाखवली. बाबांनी पुन्हा चूक केली. "महोबू!" आता आवाज चढला होता. बाबांनी नाक शिंकरल्यासारखं केलं, तशी त्या खळखळून हसल्या आणि मायक्रोफोन विसरून गेल्या. तासाभरात अठ्ठावीस कार्डं झाली. शिकवतानाचं बोलणं अगदी घरच्यासारखं नसतं, हे मला कळतं. पण ते त्यांचं होतं. मी एक शब्दही बोलले नव्हते.

ती मुद्रणं मी सगळ्या नोंदींसह, माझ्या चुकीच्या नोंदीसकट, विद्यापीठाच्या संग्रहात ठेवली. समितीचं पत्र आलं. त्यात काय होतं ते सांगायला नको. सोफा खोळीसकट विकायला काढला आहे.

त्या दिवशी, मुद्रण संपल्यावर, यंत्र बंद करायला मी हात पुढे केला, तर आन्टींनी तो धरला आणि मला बाबांच्या शेजारी बसवलं. नाकाचं कार्ड समोर धरून त्यांनी शब्द म्हटला. मी मागून म्हटलं.

"महोबू."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला चूक म्हटलं होतं. मी पुन्हा म्हटलं. महोबू. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही महोबू. बाबा शेजारी गालातल्या गालात हसत होते. पाचव्या वेळी मी गळा गप्प ठेवला, नाकातून नुसती हवा जाऊ दिली, आणि मग बोलले.

आन्टी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचं कार्ड उचललं.