घरची इम्पाला

मी खोटारडा माणूस नाही, असं मी परवापर्यंत छाती ठोकून सांगत होतो. ऑफिसात रजा टाकताना मेलेल्या आजीला पुन्हा मारत नाही, सोसायटीच्या मीटिंगला दांडी मारली तर दांडी मारली असंच सांगतो. पण एक खोटं बोललो, आणि ते असं बोललो की आता कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. घरात तर अजिबातच नाही.

मीरा रोडला पूनम सागरमध्ये आमचा वन बीएचके आहे. हॉलची अर्धी भिंत माझ्या गाड्यांनी अडवलीय. खऱ्या नव्हेत हो. जुन्या अमेरिकन गाड्यांचे प्लॅस्टिकचे किट मिळतात, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याचे. खोक्यात शंभर-सव्वाशे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. माझी बायको समिधा म्हणते, एवढा घोडा झालास तरी खेळण्यातल्या गाड्या सुटत नाहीत. खेळणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. खेळण्याच्या दरवाज्याला कुणी तीन आठवडे पॉलिश करत बसत नाही.

या नादाची आणखी वीसेक माणसं मीरा-भाईंदरमध्ये आहेत. आमचा ग्रुप आहे. जयकुमार शाह म्हणून एक गृहस्थ त्याचं सगळं बघतात, भाईंदर वेस्टला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा प्रत्येक जण सांगत होता की हा नाद कसा लागला. जयकुमारच्या आजोबांकडे प्लिमथ होती. दुसऱ्या एकाचे मामा न्यू जर्सीला, त्यांची मस्टँग. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आमच्या घरी इम्पाला होती. चौसष्टची. वडिलांची."

इम्पाला होती, हे खरं. पण ती मरीन लाइन्सच्या एका सेठची होती, आणि माझे वडील तिचे ड्रायव्हर होते.

सगळे "क्या बात है" म्हणाले. जयकुमारनी मला सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं. कुणीतरी विचारलं, मग गाडीचं काय झालं? मी म्हटलं, धंदा बसला, विकावी लागली. म्हणजे बघा, एका मिनिटात मी वडिलांना गाडी दिली, धंदा दिला आणि तो बुडवूनही टाकला. घरी येताना वाटलं, जाऊ दे, कोण विचारतंय परत. पण विचारलं. यंदाच्या प्रदर्शनाचं ठरत होतं तेव्हा जयकुमार सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रणितभाई, इस बार घर की इम्पाला होनी चाहिए. बहाना नहीं चलेगा."

किट मागवला. आता त्या गाडीची माहिती कुणाला विचारणार? घरातच बसलेली होती. माझ्या वडिलांना घरात सगळे दाजी म्हणतात, मीसुद्धा. नाव धर्माजी. मूळचे लांज्याकडचे, चौथी शिकलेले, आज एकोणऐंशी वर्षांचे. सतरा वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. मी खोकं उघडलं, वरचं चित्र त्यांना दाखवलं, आणि ते टीव्ही बंद करून माझ्या टेबलाशी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन बसले. ते पुढचे आठ महिने.

दाजींना एवढं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. किटमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं, अमेरिकेचं असतं तसं. दाजी म्हणाले, "आपलं उजवीकडे होतं." मग मी डॅशबोर्ड मधोमध कापला, बाजू बदलून जोडला, सांधा पुट्टीने भरून चार दिवस घासला. रंगाचे सात नमुने केले. सहा दाजींनी नापास केले. पिस्ता, पण दुकानातल्या आइस्क्रीमचा नाही, कच्च्या कैरीच्या आतल्या गराचा, असं त्यांचं म्हणणं. सातवा केला तेव्हा त्यांनी तो खिडकीशी नेला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मागच्या डाव्या चाकाची टोपी दाजींच्या हाती गाडी येण्याआधीपासूनच थोडी दबलेली होती, ती दाबून घेतली. ड्रायव्हरच्या सीटवर एक उशी होती. दाजी पाच फूट दोन इंच. उशीशिवाय त्यांना बॉनेटचं टोक दिसायचं नाही, म्हणून आईने तिच्या जुन्या लुगड्याची शिवून दिलेली. तीसुद्धा मी केली, नखाएवढी, निळ्या काठाची.

हे सगळं करताना मी सुखात होतो, हे कबूल करायला पाहिजे. बापाशेजारी बसून इतके दिवस मी कधी काढले नव्हते. आणि तरी आत काहीतरी कुरतडत होतं, कारण दाजी मधूनच विचारायचे, "प्रदर्शन कधी रे?" एकदा म्हणाले, "तिथं गाडीतलं कळणारी माणसं असतील ना? त्यांना सांगेन मी ती कशी चालवायची. तिला उचलायची एक पद्धत होती. आजवर कुणी विचारलंच नाय." आयुष्यभरात त्यांनी माझ्याकडे मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट. मी म्हटलं, बघू.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. प्रत्येक मॉडेलपुढे एक कार्ड ठेवायचं आणि त्यावर त्या गाडीशी आपलं नातं काय ते लिहायचं. जयकुमार म्हणतात, नुसती गाडी तर कुणीही चिकटवेल, कहाणी पाहिजे. मी इंग्रजीत टाईप केलं, 'इम्पाला १९६४. माझ्या वडिलांची गाडी. आमच्या घरी सतरा वर्षं होती.' ड्रायव्हर हा शब्द लिहायला किती वेळ लागला असता? टाईप करून बघितलाही होता. मग खोडला. जयकुमारचा सोफा आठवला आणि खोडला. दाजींना सांगितलं, हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद असते, तुमचे गुडघे आहेत, मी फोटो काढून आणतो. ते म्हणाले, "बरं." लिफ्ट चांगली चालू होती.

रविवारी सकाळी मी एकटाच भाईंदर ईस्टला इंद्रलोकच्या त्या हॉलवर गेलो. टेबलावर पांढरा कागद अंथरून गाडी ठेवली, कार्ड ठेवलं. गर्दी चांगली जमली. माझ्या टेबलाशी लोक वाकून वाकून बघत होते. नया नगरची हिना म्हणून आमच्या ग्रुपमधली सगळ्यात तरुण मेंबर आहे, डेंटिस्टचं शिकतेय, तिचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा साफ. ती म्हणाली, "उजवीकडचं स्टिअरिंग! सर, तुम्ही डॅश कापला? इतना सच्चा काम मैंने नहीं देखा." मी फुगलो. आणि तेवढ्यात दारात समिधा दिसली. तिच्या दंडाला धरून दाजी.

त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. समिधा हसत होती. तिला वाटलं होतं मला आनंद होईल. कार्डाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं कार्ड उचलून खिशात टाकावं. पण जयकुमार माझ्या आधी पोचले. दाजींच्या पाया पडले, त्यांचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाले, "या, या काका! तुमचीच वाट बघत होतो. प्रणितभाईने सांगितलंय सगळं. काय दिवस असतील ते, घरात इम्पाला! धंद्याचं वाईट झालं, पण शान होती काका तुमची."

दाजींना काही कळलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "कुणाची?" ते म्हणाले.

"अहो, तुमची. हे बघा ना." जयकुमारनी कार्ड उचललं आणि मराठी करून त्यांना वाचून दाखवलं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. माझ्या वडिलांची गाडी. आमच्या घरी सतरा वर्षं होती.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. रागावले असते तर बरं झालं असतं. लहानपणी मला ताप आला की ते असे बघायचे, किती चढलाय याचा अंदाज घेत. समिधाने तोंडावर हात ठेवला. बोलायचं होतं ते मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. माझे वडील ड्रायव्हर होते. वीस माणसं होती, कुणी मला फाशी देणार नव्हतं. मी घसा खाकरला आणि गाडीच्या टपावरची नसलेली धूळ ब्रशने झटकली.

"होय," दाजी म्हणाले. "घरचीच गाडी."

आणि त्यांनी हात मागे बांधले. मी त्यांना असे हात बांधून उभे राहिलेले कधी पाहिले नव्हते. पोट किंचित पुढे, मान थोडी वर. सतरा वर्षं आरशातून बघितलेला सेठ ते उभा करत होते, माझ्यासाठी.

हिना पुढे वाकली होती. "काका, या पुढच्या सीटवर उशी का आहे?"

दाजी अडखळले नाहीत. "आमचा ड्रायव्हर बुटका होता, बेटा. त्याला पुढचं दिसायचं नाय. त्याच्या बायकोने शिवून दिलेली."

"चांगला होता ड्रायव्हर?"

"बरा होता. सतरा वर्षांत गाडीला खरचटू दिलं नाय त्याने. घाटात क्लच असा सोडायचा की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हलायचा नाय."

"कसं काय? इतनी भारी गाडी? सांगा ना."

हेच. हाच प्रश्न ऐकायला ते आठ महिने थांबले होते, आठ महिने कसले, चाळीस वर्षं. त्यांचा क्लचचा डावा पाय चपलेत जरा हलला, मी बघितला. तोंडही उघडलं. मग त्यांनी ते मिटलं.

"ते त्यालाच ठाऊक," दाजी म्हणाले. "आपण मागे बसायचो."

हिनाला ती गोष्ट फार आवडली. तिने फोन काढला, म्हणाली ग्रुपवर टाकते, ड्रायव्हरकाकांचंही नाव टाकू या, काय नाव होतं त्यांचं? दाजींनी गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "नाव आता आठवत नाय."

त्यानंतर फोटो काढले. जयकुमारनी दाजींना खुर्ची दिली, माझ्या खांद्यावर हात टाकला, आणि मी हसलो. तो फोटो ग्रुपवर आहे, एकोणीस जणांनी बदाम टाकलेत. मला तो उघडवत नाही.

परत येताना मी गाडी चालवत होतो, आमची खरी, छोटी. दाजी माझ्या शेजारी बसले होते. समिधा मागे, मॉडेलचं खोकं मांडीवर घेऊन, माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हती, आणि बरोबरच होतं तिचं. पहिल्या सिग्नलला मी सुरुवात केली, दाजी, ते कार्ड, मी तसं लिहायला नको होतं. माझी मलाच किळस आली होती.

"असू दे," दाजी म्हणाले. "सेठ पण गाडीत बसून लोकांना काय काय सांगायचे. आपण पुढे बघून चालवायचं. चारचौघांत सेठला कधी खाली बघायला लावायचं नाय. नोकरीत पहिलं तेच शिकलो."

"पण मी तुमचा सेठ आहे का, दाजी?"

"आज होतास," ते म्हणाले. आणि सिग्नल सुटलाय, चल, असं हाताने दाखवलं.