फाटक्या कोपऱ्याचं पत्र

पुण्याहून आलेल्या संग्राहकानं पत्र उजेडाला धरलं आणि तोंड वाकडं केलं. "कोपरा फाटलाय हो. अख्खं असतं तर बात वेगळी होती."

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंनी, म्हणजे विठाबाईंनी, ते पत्र जन्मभर लुगड्याच्या घडीत जपलं होतं. त्यांचे थोरले भाऊ उत्तरेश्वर निजामाच्या राज्यात गावोगाव फिरून सांगायचे, फुकटची वेठ करू नका. पोलीस मागं लागले तेव्हा ते आपलं गाव माकणी सोडून पश्चिमेला, निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं निघून गेले. हे पत्र त्या वाटेवरचं.

"कोपरा दादानंच फाडला," सासूबाई म्हणाल्या. "तिथं गावाचं नाव लिव्हलं होतं. पोलिसाच्या हाती लागलं तर ठावठिकाणा कळंल, म्हणून."

संग्राहकाचा चेहरा खुलला. असा किस्सा त्याला हवाच होता.

"पण आईला वाचता येत नव्हतं. कोपरा फाडलेलं पत्र म्हंजी मयताची खबर, एवढंच तिला ठाव. हातात घेतलं अन् उंबऱ्यातच कोसळली. उठलीच न्हाय. मग मास्तरांनी वाचून दावलं, 'आई, मी सुखरूप आहे, काळजी करू नको.' आमी मढ्यापाशी बसून ऐकलं."

पत्र परत घ्यायला मी हात पुढं केला, तो सासूबाईंनी बाजूला सारला.

"न्या तुमी," त्या त्याला म्हणाल्या. "मयताचं पत्र घरात ठिवत न्हाईत. म्या लई वर्सं ठिवलं."