झैनबचे अकरा फोटो

२००६च्या फेब्रुवारीत सुनीती खासनीसला लंडनच्या फोटो एजन्सीमार्फत एक पत्र आलं. मँचेस्टरहून, वळणदार इंग्रजी अक्षरात लिहिलेलं.

‘तुमच्या प्रदर्शनाचं पोस्टर इथल्या लायब्ररीत लागलं आहे. इस्पितळाच्या पायरीवर डोकं धरून बसलेला माणूस मी आहे. माझं नाव हाशिम. माझी मुलगी तेव्हा आत होती. तुम्ही आत गेला होतात का?’

सुनीती पत्र हातात धरून किचनमध्येच बसून राहिली. तीन वर्षांपूर्वी बसऱ्यात काढलेल्या त्या फोटोला बक्षीस मिळालं होतं. खाली मजकूर होता, ‘शोकाकुल पिता, बसरा’. त्याला नाव विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

ती आत गेली होती. स्ट्रेचरवरच्या सातेक वर्षांच्या मुलीचे तिने अकरा फोटो काढले होते. ते तिने एजन्सीला दिले नाहीत, कुणाला दाखवलेही नाहीत.

“पाठवून दे ना पोस्टाने,” तिचा नवरा जयंत म्हणाला. “तू कशाला जातेस?”

“पोस्टाने कसे पाठवू, जयंत?”

शनिवारी ती लंडनमधल्या ईलिंगच्या घरून निघाली. मँचेस्टरला उतरून ट्राम घेतली. हाशिमची खोली एका वाण्याच्या दुकानावर होती. बसऱ्यात तो शाळेत गणित शिकवायचा. इथे एका गोदामात खोकी भरत होता. त्याने तिला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसला आणि एकेक फोटो दोन्ही हातांनी धरून पाहिला. आठव्या फोटोत मुलीचे डोळे उघडे होते.

“झैनब,” तो म्हणाला. मग उरलेले तीन पाहून झाल्यावर, “मला बाहेर काढलं होतं. पुन्हा आत घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं. ती काही बोलली का?”

या प्रश्नाची सुनीतीने तयारी केली होती. “आईला हाक मारत होती. मला अरबी येत नाही, पण तेवढं कळलं. आमच्या नागपूरकडेही आईला तेच म्हणतात. माय, माय.”

हाशिमने मान वर केली. “तिची आई बाळंतपणातच गेली. तिने कुणालाच आई म्हटलं नाही कधी. आमच्या अरबीत माय म्हणजे पाणी.”

इस्पितळातला तो दिवस सुनीतीचा इराकमधला सहावा दिवस होता. त्या मुलीची आई आपण कुठून आणणार, असं मनाशी म्हणत ती फोटो काढत राहिली होती. हे सांगितलं नाही तरी चालेल, असं तिला क्षणभर वाटलं.

“माझ्या बॅगेत पाण्याची बाटली होती,” ती म्हणाली. “मला कळलं नाही. मी फोटो काढत होते.”

“नर्सने दिलं असेल,” हाशिम म्हणाला.

“मी पाहिलं नाही. कदाचित दिलं असेल.”

त्याने फोटो पाकिटात घातले, पाकीट उशाखाली ठेवलं. “आता तुम्ही जा,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण दार लागेपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी सुनीतीने एजन्सीकडून त्या फोटोखालचा मजकूर बदलून घेतला. हाशिम, गणिताचे शिक्षक. त्यांची मुलगी झैनब, वय सात, त्याच दिवशी मरण पावली. संपादक म्हणाला, इतकी मोठी ओळ पोस्टरवर बसणार नाही. ती म्हणाली, मग पोस्टर काढा.

पोस्टर उतरलं. हाशिमला तिने तसं कळवलं, पण त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एजन्सीने तिला बैरुतला पाठवलं. जाण्याआधी आठ आठवडे ती दर बुधवारी एका म्हाताऱ्या लेबनीज बाईंकडे अरबी शिकायला गेली. बाईंनी पुस्तक उघडून विचारलं, कुठून सुरुवात करू या? सुनीती म्हणाली, दुखणं, भूक, तहान. बाकीचं नंतर.