फुलं आधी

“हलवू नकोस गं. आता कुठे त्याने माझ्याकडे तोंड केलंय,” आई म्हणाली.

मुलीने भोपळ्याचं फूल धरलेला हात टेबलावर टेकवला. शेजाऱ्यांचा वेल भिंतीवरून अलीकडे आला होता, आणि अलीकडे आलं ते आपलं, असा आईचा हिशेब. ऊन चढलं की ही फुलं मिटून जात. म्हणून चहाचे कप तसेच बाजूला सारून दोघी बसल्या होत्या.

आईने जन्मभर कपडे शिवले. दुकान बंद केल्यावर रिकामे हात तिला खायला उठले, तेव्हा ती संध्याकाळच्या एका वर्गाला जाऊ लागली. तिथे झाडं-फुलं समोर ठेवून काढायला शिकवत, आणि काढता काढता त्यांचं शास्त्रही. चित्र तिला पटकन जमलं. पाकळीच्या कडेची चुणी तिला झालरीसारखी कळायची. शास्त्र मात्र जड जाई. बारीक अक्षरांचं ते जाडजूड पुस्तक वाचून दाखवायचं काम मुलीकडे आलं, ती मागच्या थंडीत एक बॅग घेऊन आली तेव्हापासून.

“थोडे दिवस राहीन,” एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. नवऱ्याचं घर तिने कायमचं सोडलं होतं, हे सांगितलं नव्हतं. मुद्रितं तपासायचं तिचं काम कुठेही बसून होण्यासारखं, त्यामुळे सबबीही लागल्या नाहीत. आईनेही खोदून विचारलं नाही. आज सांगू, असं मुलगी रोज ठरवायची. मग आई एखादं फूल पुढे करायची आणि ते राहून जायचं.

“वाच,” आई म्हणाली.

“मधोमध पुंकेसर. एकमेकांना चिकटून त्यांचा एकच खांब झालेला.”

“तो काल काढलाय. पुढे.”

“पाकळ्यांच्या खाली अंडाशय. इवल्याशा भोपळ्यासारखं.”

“ते आज काढतेय.”

“थांब जरा.” मुलीने वरची ओळ पुन्हा वाचली, मग कागदाकडे पाहिलं. “आई, ही दोन फुलं आहेत.”

“एकच आहे. तुझ्याच हातात आहे.”

“कालचं वेगळं होतं. ते नर, हे मादी. असतात एकाच वेलावर, पण वेगवेगळी. तू कालचं आतलं आणि आजचं खालचं जोडून टाकलंस. असं फूल जगात नाही.”

आईने चष्मा कपाळावर सरकवला. कागद लांब धरला, जवळ आणला.

“म्हणजे बाही एकीची आणि घेर दुसरीचा. गिऱ्हाइकाने माझ्या डोक्यात घातला असता.” ती हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “मी आपला दोघांचा संसार एकाच खोलीत थाटून दिला.”

“त्यांना विचारायचंस तरी.”

“शिवणारीने माप घ्यावं, पसंती विचारू नये.” आई खोडरबर शोधू लागली. “पण वेगळी राहूनही बरं चाललंय की त्यांचं. अडत नाही काही.”

मुलीच्या जिभेवर वाक्य आलं होतं. आईचा हातही खोडरबरापाशी थांबला.

“काय गं?”

“काही नाही. उजवीकडची पाकळी मिटायला लागलीय.”

“मग बोलत काय बसलीस? धर सरळ.”

दुसऱ्या दिवशी आई उठली नाही. झोपेतच गेली. कळलंसुद्धा नसेल त्यांना, असं डॉक्टर समजुतीने म्हणाले. मुलीला त्या वाक्याचा राग आला. आईला न कळलेलं आणखीही काही होतं.

दादा आला, राहिला, आवराआवर केली. निघायच्या आदल्या दिवशी शिवणयंत्रावरची धूळ पुसत म्हणाला, “घरमालकांना काय सांगू? तू निघालीस की घर रिकामं करू म्हणतो.”

“बघते.”

“तुझं ते बघते म्हणजे मला काहीच कळत नाही बघ.”

ती हसली आणि आत गेली. बोलण्यासारखं होतं, पण ज्या कानांसाठी ते जपून ठेवलं होतं, त्यांच्याआधी दादाच्या कानावर घालावंसं वाटेना.

दादा गेल्यावर तिने आईची चित्रं लावून ठेवली. मागच्या थंडीपासूनची सगळी फुलंच होती. उभी चिरलेली, पालथी, कळीपासून कोमेजण्यापर्यंतची. पान एकही नाही. प्रत्येक देठ थोडा खाली येऊन हवेतच तुटलेला. आई असं अर्धवट काही ठेवणाऱ्यातली नव्हती; कॉलर लावल्याशिवाय ती जेवायला उठत नसे.

वर्गाचं भिंग आईकडे राहिलं होतं. ते परत करायला ती एका संध्याकाळी गेली. वर्ग अजून भरायचा होता. लांब टेबलावर पाण्याच्या बाटल्यांत फांद्या ठेवून म्हातारे सर एकेकीची वाळकी पानं खुडत होते. तिने ओळख सांगितली, तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“वाचून दाखवणाऱ्या तुम्हीच ना? तुमच्यापायी त्यांनी माझा अभ्यासक्रम पार उलटा केला.”

“माझ्यामुळे?”

“इथे मूळ, मग खोड, पान, असं करत फुलाशी यायचं असतं. त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाल्या, सर, मुलगी थोडेच दिवस आहे. फुलांचं शास्त्र अवघड, ते ती आहे तोवर उरकून घेते. पानं काय, ती गेल्यावर एकटी बसून काढीन.” सरांनी भिंग रुमालाने पुसलं. “घाईच असायची त्यांना. दर आठवड्याला मी विचारायचो, गेली का हो मुलगी? तर म्हणायच्या, नाही, आहे अजून. अशा खुशीत सांगायच्या.”

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर जिन्यावर वर्गाला येणाऱ्यांची पावलं वाजू लागली होती.

“मग आता कधी निघणार?” सरांनी विचारलं.

“मी जाणार नाहीये, सर,” ती म्हणाली. आवाज तिलाच मोठा वाटला. “आले तेव्हाच जायचं नव्हतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं.”