हात लागला की चाल

"हात लागला," मास्तर म्हणाला.

कवळीची करंगळी वजिराला लागली होती, हे आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. त्याला हलवायचं होतं शेजारचं प्यादं. पण हात पटावर आला तोच थरथरत आला आणि वजिराला धक्का बसला. वजीर डुलला, पडला नाही.

"अरे, चुकून लागला! डोळे आहेत की बटणं?" मी मास्तरवर खेकसलो.

"चुकून लागो नाही तर कसाही. हात लागला की चाल झाली."

आमचा मास्तर म्हणजे शिंपी, शाळेतला नव्हे. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कापड कापायचं मोठं टेबल आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्यावरची कात्री, टेप आणि चिंध्या बाजूला सरकवून आम्ही चौघं पट मांडतो. मी फ्रिज दुरुस्त करतो. सिस्टर सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळतात आणि तिथल्यासारखंच आम्हालाही दटावतात. आणि कवळी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा, म्हणून त्याचं नाव कवळी. त्याचे स्वतःचे दात मात्र सगळे शाबूत, घोड्यासारखे.

घोड्यावरून आठवलं. आमच्या बुद्धिबळातला एक काळा घोडा मागे हरवला. बहुतेक चिंध्यांबरोबर झाडला गेला. पुढच्या शनिवारी कवळीने खिशातून नवा घोडा काढला. कवळीच्या हिरड्या बनवायला वापरतात त्या मसाल्याचा, गुलाबी. मान, आयाळ, कान, सगळं जिथल्या तिथे. "जपून हं, चावेल," सिस्टर म्हणाल्या होत्या. तेव्हापासून काळ्या फौजेत एक गुलाबी घोडा आहे. काळे मोहरे कोण घेणार यावरून आमच्यात भांडणं होतात.

तर, हात लागला की चाल, हा नियमही कवळीनेच आणलेला. माझ्यामुळे. मला मोहरा उचलून पटभर फिरवून आणायची खोड. उचलायचा, चार घरं दाखवून आणायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. कवळी एकदा वैतागला. "तू सोंगटी खेळवतोयस की पोरगं? मी कवळीत दात बसवताना असं करत बसलो तर पेशंट उपाशी मरेल." झालं, ज्याला हात लागेल तोच मोहरा हलवायचा, नियम लागू.

आता तोच नियम त्याच्यावर उलटला होता. त्याने वाद घातला नाही. वजीर हलवला. वजीर हलताच मागची रांग उघडी पडली आणि मास्तरचा हत्ती सरळ आत घुसला. मात. जिंकत आलेला डाव गेला.

घरी जाताना मी मास्तरला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. माणसाचा हात कापतोय आणि हा नियम काढतोय! सिस्टरांना तर सगळं ठाऊक होतं. "नसांचं दुखणं आहे," त्या रस्त्यात म्हणाल्या. "गोळ्या चालू आहेत. पण हात पुन्हा पहिल्यासारखा होईल, असं धरून चालू नका." ज्या हातांनी त्याने घोड्याची आयाळ कोरली, त्याच हातांची गोष्ट चालली होती.

पुढच्या शनिवारी मीच म्हणालो, आज बुद्धिबळ नको, बेट काढू. बेट म्हणजे आमचा नवा खेळ, सिस्टरांच्या भाच्याने दिलेला. बेटावर वस्ती करायची, रस्ते टाकायचे, लाकूड-विटांची देवघेव करायची. सिस्टर त्यात महाबिलंदर. "एक वीट द्या, दोन मेंढ्या घ्या. मेंढ्या बघा कशा गुटगुटीत आहेत!" पत्त्यावरची मेंढी गुटगुटीत आहे म्हणून आपण वीट देऊन बसतो, आणि मग त्या आपल्याच रस्त्यात घर बांधतात.

मला वाटलं होतं, बेटावर हात लागला-बिगला काही नाही, कवळीला सोपं जाईल. माझी अक्कल! इवलीइवली घरं, काडीएवढे रस्ते. कवळीने रस्ता टाकायला हात पुढे केला आणि अर्धं बेट विस्कटलं. माझं गाव सिस्टरांच्या शेतात जाऊन पडलं.

"वारा आला वाटतं," सिस्टर पटकन म्हणाल्या.

"हो ना, काय वारा सुटलाय," मी म्हणालो, आणि भराभर घरं जागेवर लावायला लागलो.

कवळीने खिडकीकडे बघितलं. खिडकी बंद होती. मास्तर आपले पत्ते लावत राहिला. डाव कसाबसा संपला. निघताना चप्पल घालता घालता कवळी म्हणाला, "पुढच्या शनिवारी जमायचं नाही मला."

त्यापुढच्या शनिवारीही त्याला जमलं नाही. आणि त्यापुढच्याही. आम्ही तिघंच बसायचो. तिघांत खेळायला मजा नाही येत. दोघं खेळतात आणि तिसरा शहाणपणा शिकवतो.

शेवटी मी मास्तरवर घसरलोच. "तुझ्यामुळे गेला तो. नियमाचं काय लोणचं घालायचंय?"

मास्तर सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, "मी त्याला हरवलं, त्याच्या पुढच्या शनिवारी तो आला होता. तुम्ही वारा सोडलात, तेव्हापासून येत नाही."

कवळी आमच्या टेबलाशी परत बसतो की घरात एकटा भिंतीकडे बघत बसतो, एवढाच आता प्रश्न होता, आणि तो आम्ही भल्या मनाने बिघडवून ठेवला होता.

दुसऱ्याच दिवशी पट काखेत मारून आम्ही त्याच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. आमचे शनिवार म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप; सोंगट्यांपायी नवरा जेवायला वेळेवर येत नाही, हे त्यांनी आम्हाला तोंडावर सुनावलेलं. आज मात्र त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं आलात, भाऊजी. दर शनिवारी चप्पल घालतात, दारापर्यंत जातात आणि परत काढून ठेवतात."

कवळी खिडकीशी बसला होता. कामाच्या टेबलावर फडकं टाकलेलं होतं. मास्तरने पट काढलेला बघून तो म्हणाला, "नको. मी नुसतं बोट दाखवणार आणि तुम्ही माझे मोहरे हलवणार. लहान पोराला खेळवल्यासारखं. मला नाही चालायचं."

"तुझ्या एकट्याचं कोण म्हणतंय?" मास्तर म्हणाला. त्याने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि पटाच्या एका कडेला क, ख, ग लिहिलं, दुसऱ्या कडेला आकडे. "आजपासून पटाला कुणीच हात लावायचा नाही. तोंडाने चाल सांगायची. ज्याचा हात लागला, त्याचा डाव गेला. दुकानातही हेच."

"मग हलवणार कोण?"

"वहिनी."

"अगं बाई! मला काय कळतंय त्यातलं?" वहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्ही. ज्याला कळतं तो लुडबूड करतो," मास्तर म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

कवळी पटाकडे सरकून बसला. मग म्हणाला, "काळे माझे."

मी पांढरे घेतले. वहिनी पदर खोचून मधे बसल्या. "म्हणजे हा घोडा अशी तिरपी उडी मारतो? सरळ चालायला काय धाड भरलीय याला?" असं पुटपुटत त्यांनी मोहरे हलवायला सुरुवात केली. डाव रंगला. कवळीचे दोन्ही हात मांडीवर होते, कापत होते, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्याने माझा एक उंट खाल्ला, मग हत्तीला कोंडीत पकडलं. मी विचारात पडलो. आणि विचारात पडलो की माझा हात जातोच. हत्ती उचलून मी त्याला घरं दाखवायला निघालोही होतो.

"हात लागला!" कवळी ओरडला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "मुद्दाम लावलास?"

"आईशप्पथ नाही रे! खोड आहे ती, मेल्याशिवाय जायची नाही."

"मुद्दाम करण्याइतकी अक्कल आहे का त्याला?" मास्तर म्हणाला.

कवळी हसला. सगळे दात दिसले. इतक्या आठवड्यांनी ते दात बघून मला माझ्या हरण्याचंही काही वाटलं नाही; म्हणजे वाटलं, पण थोडंच.

"चला, आता मास्तर," तो म्हणाला. "त्या वजिराचं उट्टं काढायचंय."

मोहरे पुन्हा मांडताना वहिनींच्या हातून गुलाबी घोडा निसटला आणि फरशीवर आपटला. त्यांनी उचलला तेव्हा त्याचा एक कान तुटला होता. तुकडा सिस्टरांच्या पायाशी पडला होता. पूर्वी असं काही झालं असतं, तर कवळीने घोडा खिशात टाकला असता आणि पुढच्या शनिवारी नव्या कानासकट आणला असता. आम्ही सगळे नकळत फडकं टाकलेल्या त्या टेबलाकडे बघत होतो.

"चुकले हो मी," वहिनी म्हणाल्या.

"असू दे," कवळी म्हणाला. "कान नसला तरी अडीच घरं चालतो तो. ठेव जागेवर."

वहिनींनी घोडा जागेवर ठेवला. तुकडा उचलून पदराच्या टोकाला बांधला. मग मास्तरने पहिली चाल सांगितली.