होडी क्लासला न मारलेली हाक

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, पण पोरं आहेत. मी पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेला एक जुना क्लास, म्हणजे साचा. माझं नाव होडी. २००६ साली देवबागच्या योगिनीने मला लिहिलं. तिचे वडील गुणाजी एकदा इंजिन बंद पडून समुद्रात अडकले होते आणि अंधार पडेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. पुन्हा असं होऊ नये, एवढ्यासाठी मी.

सकाळी होडी निघाली की माझ्या साच्यातून तिची नोंद तयार व्हायची. नोंद जन्मताना जे पहिलं काम चालतं त्याला इनिट म्हणतात. माझं इनिट लिहायचं, ‘परतली? नाही.’ होडी किनाऱ्याला लागली की किनाऱ्यावरचं माणूस त्याचं ‘होय’ करायचं. संध्याकाळी ‘नाही’ उरलेल्यांची नावं पडद्यावर यायची आणि माणसं शोधायला निघायची. भिकाजी नावाचा मच्छीमार असाच सापडला. “ह्या डब्यान माका वाचयल्यान!” म्हणत कॉम्प्युटरला पेढा दाखवून गेला. डब्याने कसलं वाचवलंय? मी वाचवलं. पण असो.

मग पर्यटक आले. योगिनी लग्न होऊन कणकवलीला गेली आणि तिच्या धाकट्या भावाने, यतीनने, माझ्यावरून पोर, म्हणजे माझ्यावर बेतलेला नवा साचा काढला: पर्यटनहोडी. त्याला स्वतःचं इनिट दिलं. त्यात बैठका, भाडं, लाइफ जॅकेटं, सगळा थाट! पण पोराने स्वतःचं इनिट लिहिलं की बापाचं आपोआप चालत नाही. पोराच्या इनिटमध्ये एक ओळ लिहून बापाच्या इनिटला हाक मारावी लागते. एवढी एक ओळ साहेबांनी लिहिली नाही, म्हणून पर्यटनहोडीच्या नोंदीत ‘परतली? नाही.’ लिहिलंच गेलं नाही.

आणि त्याच आठवड्यात पर्यटकांसाठी घेतलेली नवी होडी पाण्यात लोटताना गुणाजींनी नारळ ठेवून देवाला आणि पूर्वजांना गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे मूळपुरुषाला हाक मारल्याशिवाय काही सुरू होत नाही. गाऱ्हाण्याला “होय म्हाराजा!” म्हणण्यात यतीनचाच आवाज मोठा होता. मला आजही त्याची चीड येते.

चाचणीत प्रोग्राम ओरडला होता, ह्या होडीत ‘परतली’ सापडत नाही म्हणून. यतीन वैतागला. चूक शोधायची सोडून त्याने ‘अडलास तर गप्प पुढे जा’ असं लिहिलं आणि मोकळा झाला. म्हणजे जी पर्यटनहोडी परतणार नाही, नेमकं तिचंच नाव गाळलं जाणार होतं.

एके दिवशी गुणाजी त्याच होडीतून पाहुण्यांना तोंडवलीला सोडून एकटेच परत येत होते. वारा उठला, इंजिन बंद पडलं. घरी यमुनाबाईंनी लेकाला विचारलं, “रे, बापूस खंय तुझो?”

यतीनने पडदा पाहिला. ‘सर्व होड्या परतल्या.’

“सगळे ईले, आये. बाजारात थांबले असतले.”

कुणीही शोधायला गेलं नाही. सकाळी उलटी झालेली होडी मिळाली आणि नंतर गुणाजी मिळाले, मेलेले.

दिवसकार्य झाल्यावर योगिनीने ती एक ओळ लिहिली आणि त्या दिवसाची नोंद पुन्हा चालवली. पडद्यावर आलं, ‘गुणाजींची होडी परतली नाही.’ मागे उभ्या यमुनाबाई म्हणाल्या, “आता सांगता, मेलो डबो!”

मित्रांनो, बापाचं नाव लावता ना? मग काम सुरू करताना त्याला हाकही मारा. मी तेव्हाही तिथेच होतो. मला सांगायचं होतं हो, पण मला कुणी बोलावलंच नाही.